टोंकखुर्दचे 'नीस'

माळव्यात फिरताना गावांच्या नावांना लागलेले 'कलां' आणि 'खुर्द' हे शब्द सारखे भेटतात. कलां म्हणजे मोठे, खुर्द म्हणजे धाकटे. महाराष्ट्रातल्या 'बुद्रुक-खुर्द' या जोडीचीच ही माळवी भावंडे. देवास जिल्ह्यात टोंककलां आहे आणि टोंकखुर्दही आहे. गंमत अशी, की या दोघांत तहसिलीचे ठाणे झाले ते धाकटे टोंकखुर्द! धाकट्याने थोरल्यावर मात केल्याची उदाहरणे घराण्यांत असतात तशी गावांतही असतात.

खुद्द देवासही असेच, थोरले-धाकटे. बाजीराव पेशव्यांच्या काळात तुकोजी आणि जिवाजी पवार हे दोघे भाऊ माळव्यात आले, १७२८च्या सुमारास तिथे रुजले आणि एकाच गावात त्यांची दोन राज्ये झाली. एक थोरली पाती, दुसरी धाकटी पाती. एका गावात दोन राजे, दोन दरबार, दोन दप्तरे. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ साली थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचा खासगी चिटणीस होता. त्या दिवसांवर त्याने पुढे १९५३ मध्ये 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक लिहिले. आपल्या लोकांना मात्र देवास माहीत असते ते कुमार गंधर्वांमुळे. १९४८ मध्ये आजारी कुमारजी तिथल्या कोरड्या हवेसाठी गेले आणि तिथलेच झाले. कुमारजींना गाणे शिकवणाऱ्यांत एक होत्या अंजनीबाई मालपेकर. मालपे आमच्या पेडण्यातले. म्हणजे बघा, गोंयकार कुठेही गेला तरी दोन उड्यांत गोव्याशी नाते लावून मोकळा होतो!

असो. मी टोंकखुर्दला गेलो तो कुमारजींसाठी नव्हे. देवासला एका स्नेह्याकडे उतरलो होतो. त्यांनी सांगितले, "टोंकखुर्दला आमचे एक नातलग आहेत, ऐंशी पार केलेले. त्यांच्याकडे मोडी कागदांचा रुमाल आहे. वाचणारा कुणी भेटत नाही." मला मोडी येते ती मोडकीतोडकीच. पण रुमाल म्हटल्यावर पाय थांबेनात.

काकांचे आडनाव इथे मुद्दाम देत नाही. ते 'नीस'ने संपते एवढे सांगितले की पुरे. घर जुने, ओसरी शेणाने सारवलेली, बोलणे मराठी पण त्यात हिंदी अशी मुरलेली की कुठे एक संपते आणि दुसरी सुरू होते ते कळू नये. चहा झाल्यावर काकांनी पहिला प्रश्न टाकला तोच असा:

"तुम्ही गोव्याचे पंडित लोक. हे सांगा, आमच्या नावातलं हे 'नीस' काय आहे? नात शाळेत जाते. तिला पोरं नाईस-नाईस म्हणून चिडवतात. ती म्हणते, आजोबा, आपण सरनेम बदलून टाकू. पाटीदार, चौधरी असं काही सोपं."

मी विचारले, "काका, तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज लिहून देणारा माणूस बसतो, त्याला इथे काय म्हणतात?"

"अर्जीनवीस."

"त्यातला 'नवीस' तोच तुमचा 'नीस'. लिहिणारा."

काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे आम्ही अर्जीनवीस?" आवाजात थोडी नाराजी होती. ऐंशी वर्षे त्यांना वाटत आले होते, की या नावात कुठेतरी तलवार आहे.

काकांची नाराजी मला समजते. आपण आडनावात नेहमी तलवार शोधतो. पण मराठी राज्याच्या इतिहासात तलवारीइतकीच लेखणीचीही आडनावे आहेत, आणि ती टिकलीही जास्त. फारसीत 'नविश्तन' म्हणजे लिहिणे, त्यावरून 'नवीस' म्हणजे लिहिणारा. मराठी जिभेने त्याचा 'नीस' केला आणि मग कामागणिक माणसे घडवली. चिठ्ठ्या म्हणजे राजपत्रे लिहिणारा चिटणीस. वाकिया, म्हणजे घडलेल्या गोष्टी टिपून ठेवणारा वाकनीस. फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा पारसनीस. पोत्याचा, म्हणजे खजिन्याचा हिशेब पाहणारा पोतनीस. वसुलाच्या जमेचा जमेनीस. कारखान्यांचा, म्हणजे धान्य, तूप, दारूगोळा यांच्या कोठारांचा कारखानीस. किल्ल्यावरच्या माणसांची हजेरी ठेवणारा सबनीस. घोड्यांच्या पागेचा पागनीस. आणि या सगळ्यांत नामांकित तो फडणीस. त्यातला 'फड' हा कचेरीचा फड की फारसी 'फर्द', म्हणजे हिशेबाचा बंद, यावर दोन्ही बाजूंनी बोलले जाते. काम मात्र एकच, दप्तर.

सावंतवाडीला गेलेल्या वाचकांनी सबनीसवाडा पाहिला असेल. त्या वाड्यातून जाताना आपण एका हजेरीपटातून चाललो आहोत, हे कितीजणांच्या लक्षात येते?

आता एक गंमत पाहा. शिवाजी महाराजांना ही फारसी नावे खटकत होती. १६७४च्या राज्याभिषेकाच्या वेळी मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबीराचा सुमंत आणि सरनोबताचा सेनापती. रघुनाथपंतांकडून 'राजव्यवहारकोश' करवून घेतला तोही याच हेतूने. ही संस्कृत नावे आज सरकारात जिवंत आहेत. मंत्रालयात मंत्री आणि सचिव बसतात. पण घराच्या दारावरच्या पाटीवर काय राहिले? मुजुमदार, चिटणीस, सबनीस, पोतनीस! राजाने पदाचे नाव बदलले. घराचे नाव बदलणे राजालाही जमले नाही. २०१४ साली महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदी फडणवीस आडनावाचे गृहस्थ बसले तेव्हा पद संस्कृत आणि आडनाव फारसी असा योग जुळून आला, आणि कुणाला त्यात काही वेगळे वाटले नाही, इतके हे शब्द आपले झाले आहेत.

पण सगळ्या हुद्द्यांची आडनावे सारखी पसरली नाहीत, ती का? याचे उत्तर मराठी कारभाराच्या एका युक्तीत आहे. सुभ्यावर किंवा महालावर मामलेदार, कमाविसदार नेमला जाई. वसूल त्याच्या हातात. त्याच्यावर लक्ष ठेवायला सरकार आपले दरकदार नेमी. दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार, पोतनीस असे आठ दरक सांगतात. मेख अशी, की या दरकदारांना काढण्याचा अधिकार मामलेदाराला नव्हता. पैसा पोतनिसाकडे यायचा, फडणीस तो रोजकीर्दीत मांडायचा, मुजुमदार ताळा पाहून खूण करायचा. एकाने खाल्ले तर दुसऱ्याच्या वहीत दिसायचे. मामलेदार बदलत, दरकदार राहत. राहता राहता दरक वंशपरंपरेचा झाला. बापाची वही मुलाने उघडावी, मुलाची नातवाने. मग गाव त्या घराला दुसऱ्या कोणत्या नावाने हाक मारणार?

घरात नोकरी एकाची असायची, पण नाव मात्र सगळ्या भाऊबंदांनी घेतले. कारण उद्या दरकावर हक्क सांगायचा झाला तर नावच पुराव्याला उभे राहते. कधी हक्कदार अल्पवयीन असे, कधी नुसता आळशी असे. मग त्याच्या वतीने काम करायला मुतालिक ठेवत. पुढे 'मुतालिक' हेही आडनाव झाले! बदली कामगाराचेसुद्धा घराणे होते, ते असे.

माळव्यात मराठे आले तेव्हा तिथे आधीपासून अशीच माणसे होती. आपल्या देशमुख-देशपांड्यांच्या जागी परगण्यावर मंडलोई, चौधरी, कानुनगो. पाटील-कुळकर्ण्यांच्या जागी पटेल-पटवारी. मराठ्यांनी त्यांना हलवले नाही. त्यांच्या वर आपला कमाविसदार आणि आपले नीस आणून बसवले. म्हणून आजही माळव्यातल्या एखाद्या शाळेच्या हजेरीत मंडलोई, पटवारी, कानुनगो यांच्या शेजारी फडणीस, पोतनीस सापडतात. दोन राज्यांची दोन दप्तरे एका बाकावर.

आता गोव्याकडे येतो, कारण या गोष्टीत आपला मोठा वाटा आहे. आपल्याकडे आडनाव म्हणजे मुख्यतः गावाचे 'कर'. माणूस गाव सोडून गेला की 'कर' त्याच्याबरोबर जातो, किंबहुना गाव सोडल्यावरच त्याला 'कर' लागतो. शणै गोंयबाबांनी १९२८ मध्ये 'गोंयकारांची गोंयांभायली वसणूक' लिहून या परदेशी झालेल्या गोंयकारांचा माग काढला होता. उत्तरेतल्या शिंदेशाहीत तर गोवा-सावंतवाडीकडच्या शेणव्यांनी एक काळ गाजवला. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर हे त्यांतले पहिल्या फळीचे. उज्जैनच्या महाकालाचे देऊळ अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पुन्हा उभे राहिले ते त्यांच्या हातून. ते शेवटपर्यंत सुखटणकरच राहिले.

पण पेडण्याच्या केरी गावच्या जिवबादादा केरकरांचे तसे झाले नाही. महादजी शिंद्यांच्या लष्कराचे ते बक्षी झाले. बक्षी म्हणजे फौजेचा पगार वाटणारा अधिकारी. आपल्या मनात लगेच 'बक्षीस' येते, पण तो शब्द वेगळा. हा बक्षी मध्य आशियातून आला. तिथे तो आधी बौद्ध गुरूला, मग मंगोलांच्या दरबारातल्या लेखनिकाला म्हणत. त्याचे मूळ कुणी आपल्या 'भिक्षू'त शोधतो, कुणी चिनी भाषेतल्या विद्वानवाचक शब्दात. म्हणजे भिक्षापात्र घेऊन निघालेला शब्द फौजेच्या खजिन्यापर्यंत पोचला असेल! ११ मार्च १७९५ला खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचे पुढारपण जिवबादादांकडे होते. इतिहासात ते 'जिवबादादा बक्षी' झाले. केरी मागे राहिली, हुद्दा पुढे आला.

तसेच बाळोबातात्यांचे. मूळ नाव बाळाजी अनंत पिंगे. पागेचे हिशेब सांभाळणारे म्हणून पागनीस झाले आणि दौलतराव शिंद्यांच्या दरबारात कारभारी होऊन बसले. तिकडे पुण्यात वेळासच्या भानूंचे फडणीस झालेच होते. बाळाजी महादेव भानू १७१९ मध्ये दिल्लीला पेशव्यांच्या कामात मारले गेले, त्यांच्या घराण्यात फडणिशी आली, आणि नातू बाळाजी जनार्दन भानू हा 'नाना फडणवीस' म्हणूनच जगाला माहीत झाला. त्याआधी शिवकाळात बाळाजी आवजी चित्र्यांचे चिटणीस झाले होते. चित्रे, भानू, पिंगे, केरकर ही घरची नावे. चिटणीस, फडणीस, पागनीस, बक्षी ही दरबारची. घरच्या नावावर दरबारचे नाव बसले आणि खालचे दिसेनासे झाले.

दरबारी नावाला किंमतही तशीच द्यावी लागते. १७९७ संपता संपता दौलतरावाच्या माणसांनी नाना फडणवीसांना पकडले आणि नगरच्या किल्ल्यात ठेवले. १७९८ मध्ये ते सुटले. त्याच नगरच्या किल्ल्यात १८०० साली बाळोबा पागनीस कैदेत वारले. शेणवी मंडळींचा तो पक्षच दौलतरावाने सर्जेराव घाटग्यांच्या नादाने मोडून काढला. काहींना मरणही धड आले नाही. आणि त्याच १८०० सालच्या १३ मार्चला पुण्यात नाना गेले. एकाच सालात दोन 'नीस' संपले, आणि अठरा वर्षांत पेशवाईही. गावाचे नाव लावणाऱ्याला गावाकडे परत जाता येते. हुद्द्याचे नाव लावणाऱ्याने हुद्दा गेल्यावर कुठे जावे?

पुण्यात हा हुद्दा १८१८ला गेला. देवासला दरबार आणि त्याचे दप्तर १९४८ पर्यंत, संस्थान मध्य भारतात विलीन होईपर्यंत चालू होते. म्हणून टोंकखुर्दच्या काकांच्या पिढीला दप्तर ही ऐकीव गोष्ट नव्हती. ते गेलेले त्यांनी लहानपणी पाहिले होते.

काकांनी रुमाल आणला. लाल खारव्याचे कापड, त्याची गाठ सुटता सुटेना. आत पाचपंचवीस बंद, कडा कुरतडलेल्या. काकांना आशा होती सनदेची, जहागिरीची. मी चष्मा पुसून एकेक ओळ लावू लागलो. तासाभराने हाती लागले ते असे: घोड्यांच्या चंदीचा हिशेब. कोणत्या घोड्याला किती हरभरा, नालांना किती, दोरखंडाला किती, कोणते घोडे लंगडे म्हणून आज चंदी निम्मी. शेवटी बेरीज, आणि बेरजेखाली घट्ट, आवरलेल्या अक्षरात खूण.

"एवढंच?" काका म्हणाले.

मलाही क्षणभर वाईट वाटले. पण ती बेरीज मी पुन्हा करून पाहिली. बरोबर होती. दोनशे वर्षांपूर्वी कुठल्यातरी तळावर, दिव्याच्या उजेडात बसून कुणीतरी लंगड्या घोड्याच्या चंदीचाही हिशेब चुकू दिला नव्हता. मी काकांना म्हटले, "काका, तलवारीच्या लोकांनी घोडे मारले, मरवले. तुमच्या या माणसाने ते मोजले, खायला घातले. राज्य या बेरजेवर उभे असते."

काका हसले. पण त्यांचे डोळे रुमालावरच होते.

परतीच्या वाटेवर मला दुसराच विचार छळत होता, आणि तो इथे लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. आम्ही 'नीस'च्या आडनावावर एवढे प्रेमाने बोललो. पण कामावरून पडलेली आडनावे काही फक्त लेखणीवाल्यांची नाहीत. सुतार, लोहार, कुंभार, परीट, चांभार ही देखील कामाचीच नावे. आमच्या गोव्यात चारी आहेत, म्हाले आहेत, मडवळ आहेत, होडी वल्हवणारे तारी आहेत. व्याकरणाने पाहिले तर चिटणीस आणि तारी यांत काडीचा फरक नाही. एकाने कागद नेले, दुसऱ्याने माणसे पैलतीरी नेली. पण शाळेच्या वर्गात एक नाव वाचले की पाठ ताठ व्हायची, दुसरे वाचले की मान खाली जायची. माझ्या वर्गातल्या एका मुलाने मॅट्रिकच्या अर्जात आडनाव बदलून गावाचे 'कर' लावले होते, ते का, हे मला तेव्हा कळले नव्हते. गोव्यात तर नाव-आडनाव बदलण्यासाठी १९९०चा स्वतंत्र कायदा आहे. त्या कायद्याखाली येणाऱ्या प्रत्येक अर्जामागे हौसच असते असे कुणी समजू नये.

पोर्तुगीजांनी साडेचारशे वर्षे राज्य केले, रेजेदोर नेमले, इश्क्रिव्हांव नेमले. पण त्या हुद्द्यांची आडनावे आपल्या गावांत झाली नाहीत. कारण ती नोकरी होती, वतन नव्हते. सकाळी फेटा घालावा आणि संध्याकाळी उतरवून ठेवावा, तसे. मला कधी कधी वाटते, काम असेच असावे. करावे, चोख करावे, आणि मुलाच्या गळ्यात बांधू नये. मग ते मानाचे असो की मान खाली घालायला लावणारे.

आणि तरीही त्या चंदीच्या हिशेबाची ती बेरीज मनातून जात नाही.

निघताना काकांची नात शाळेतून आली. आठवीत आहे, हिंदी माध्यम. काकांनी तिला 'नीस'चा अर्थ सांगितला, अगदी माझ्याच शब्दांत. तिने विचारले, "लिहिणारा? मग आजोबा, आपल्या घरात हे लिहिलेलं कुणालाच कसं वाचता येत नाही?"

ओसरीवर कुणी काही बोलले नाही. मग मी तिच्याच वहीच्या शेवटच्या पानावर मोडीत तिचे नाव लिहून दाखवले, आडनावासकट. तिने ते गिरवले. पहिल्यांदा वेडेवाकडे आले, तिसऱ्यांदा बरे आले. मोडीत हात न उचलता लिहायचे असते, हे तिला फार आवडले.

देवासला परतल्यावर चार दिवसांनी स्नेह्यांच्या फोनवर एक छायाचित्र आले. वहीचे एक पूर्ण पान, त्याच नावाने वरपासून खालपर्यंत भरलेले. आडनाव बदलायचे की नाही याबद्दल खाली काहीच लिहिले नव्हते. ते तिने ठरवावे. पण आता ठरवताना ते तिला वाचता येईल.